बीलिबचा विचार चालू आहे

वरवट बकालच्या बसस्टँडजवळ झेरॉक्सचं एक दुकान आहे. त्या दुकानात जो माणूस बसतो त्याला गाव बीलिब म्हणतं. खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथेच राहू द्या. बीलिब म्हणजे ग्रंथालयशास्त्रातली एका वर्षाची पदवी. कुठल्याही शाखेचा पदवीधर ती करू शकतो. आमच्या माणसाने ती केलेली नाही. कर्ज काढून ती करावी का करू नये, एवढाच विचार तो बी. ए. झाल्यापासून करतो आहे. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, मुलगा झाला, मुलगा चौथीला गेला, धाकट्या बहिणीने डी. एड. करून मास्तरकीचा नादही सोडून दिला. विचार चालूच आहे. शेवटी गाव कंटाळलं आणि गावानेच त्याला पदवी देऊन टाकली. फी नाही, परीक्षा नाही. "बीलिब, आधारच्या दोन झेरॉक्स मार बरं." तो मारतो. पदवीदान समारंभ आमच्याकडे असा उभ्या उभ्या उरकतो.

अशी माणसं घरोघरी असतात. आमच्या एका आत्याने फ्रिज कुठला घ्यावा याचा इतका विचार केला की तोवर तिच्या मनातली कंपनीच बंद पडली. एक मामा बोअर मारायच्या विचारात म्हातारे झाले; पण आमचा भाग खारपाणपट्ट्याचा, पाणी लागलं तरी मचूळ लागायचं, तेव्हा त्यांच्या विचाराला निदान कारण होतं. बीलिबचं तसं नाही. त्याला विचारासाठी कारण लागत नाही, माणूस लागतो. समोर कोणी उभं राहिलं की तो झेरॉक्सचं झाकण उघडं ठेवून विचारतो, "काका, तुमाले काय वाट्टे? घ्यावं का नाई?" नव्या माणसाला वाटतं, जमीन घ्यायचा विषय चालला आहे. तो बिचारा विचारतो, किती एकर? मग बीलिब त्याला स्टूल देतो, आणि त्या माणसाची शेगावची बस जाते.

दुकानावर 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी आहे आणि ती खरी आहे. पीकविमा, पोलीस भरती, शिष्यवृत्ती, कर्जाचं विद्यालक्ष्मी पोर्टल, सगळं त्याला तोंडपाठ. सोनाळा, टुनकी, पातुर्डा, इकडची पोरं त्याच्याचकडे येतात. दरवर्षी दोन-तीन पोरांचे बीलिबचे फॉर्मही तोच भरतो. भरताना त्यांना धीर देतो, "डरू नोको बे, बेस कोर्स हाये." त्यातला एक पोरगा पुढे शिकून एका कॉलेजात ग्रंथपाल झाला. तो दिवाळीला पेढे घेऊन येतो आणि याच्या पाया पडतो. आमचा बीलिब आशीर्वाद देतो आणि लगेच विचारतो, "तुह्या अनुभवानं सांग, मी घ्यावं का नाई?"

आता मतं टिपायच्या त्याच्या प्रसिद्ध वहीबद्दल. अडत्याच्या दुकानात असते तशी लाल कापडी पुठ्ठ्याची लांब चोपडी. सुरुवातीला पानावर मधोमध रेघ होती. डावीकडे 'घ्यावं', उजवीकडे 'घेऊ नये'. पण मतं इतकी साचली की रेघेने काम भागेना. कोणाचं मत अर्धं इकडे, अर्धं तिकडे. कोणी म्हणे घे, पण कर्ज नको. कोणी म्हणे कर्ज घे, पण पदवी नको, त्यात म्हैस घे. तेव्हा बीलिबने जुन्या बाजारातून ड्यूई दशांश वर्गीकरणाचं एक फाटकं पुस्तक आणलं. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा वर्गांत बसवून प्रत्येक विषयाला आकडा दिला. वरवट बकालमधलं सगळं ज्ञानही त्यात बसेल असं बीलिबला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंचसं बसलं. कर्जाबद्दलची मतं ३३२.७. कापसाच्या भावावर अवलंबून असलेली मतं ६३३.५१. म्हैसवाले आणि गाईवाले ६३६.२. लग्नाचा खर्च ३९२.५. मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६, तिथे एका कवीचं मत आहे, पण ते यमकात असल्याने त्याचा अर्थ अजून लागलेला नाही. प्रत्येक मताची चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा, तारीख आणि मत देणाऱ्याचं गाव. चिठ्ठ्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर कापलेल्या असतात. त्या तेल-साबणाच्या खोक्यात उभ्या लावलेल्या. हव्या त्या माणसाचं मत तो डोळ्याचं पातं लवायच्या आत काढून देतो. मी तीन वर्षांपूर्वी काय म्हणालो होतो ते मला आठवत नव्हतं. त्याने चिठ्ठी काढली. मी म्हणालो होतो, "बघ बुवा." तीही ३३२.७ मध्ये.

बसमध्ये मला एकदा एका ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांची तक्रार ऐकवली. पोरांना वर्गीकरण शिकवताना घाम फुटतो, तालिकेची कार्डं नुसती नक्कल करून आणतात, म्हणाले. मी मनात म्हटलं, आमच्याकडे एक जण ती पदवी घ्यावी का नाही हे ठरवता ठरवता तिचा अख्खा अभ्यासक्रम संपवून बसला आहे.

त्याची ठरलेली वाक्यं सांगतो, म्हणजे भेटला तर ओळखता येईल. "एका अंगानं पायलं त फायदा हाये." यानंतर दुसरं अंग येतं, आणि ते नेहमी लांब असतं. "आकडा जमला का घेतोच." आणि सगळ्यांत आवडतं, "इचार चालू हाये." हे तो इतक्या समाधानाने सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, विचाराला पगार आहे.

त्याच्या वडिलांचं मत पहिल्या चिठ्ठीवर आहे. म्हातारबुवा तीन एकरवाले, कपाशी आणि तूर. ते म्हणाले होते, "बैल घेतला त दावनीले दिसते. पंप बसवला त हिरीवर दिसते. तुह्यी पदवी कुठी दिसन मले?"

"फ्रेम करून भितीले लावू न बाबा."

"मंग फ्रेमपुरतं कर्ज काढ. सस्तं पडन."

म्हाताऱ्याचा दुसरा मुद्दा अधिक बिनतोड होता. शेतकऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर व्याज लागत नाही. केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना मिळून ते शून्यावर येतं. शिवाय २००८ साली कर्जमाफी झाली, २०१७ साली झाली, २०१९ साली झाली. "पऱ्हाटी बुडाली त सरकार कवा ना कवा इचारते. तुह्यी लायबरी बुडाली त कोन इचारते?" शैक्षणिक कर्जाची माफी झाल्याचं बीलिबलाही सापडलं नाही. त्याने ती चिठ्ठी लाल शाईने लिहिली.

बँकेत तो गेला होता, नाही असं नाही. आधी सगळे नियम वाचून गेला. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, वडिलांना सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. साडेसात लाखांच्या वर गेलं तर तारण. खिडकीमागचा तरुण अधिकारी परमुलखातून बदली होऊन आलेला. त्याने फाइल चाळली आणि विचारलं, "लाइब्रेरी? इसमें प्लेसमेंट कितना है?" बीलिबने फाइल मिटली आणि त्यालाच विचारलं, "आपको क्या लगता है, लेना चाहिए या नहीं?" त्या अधिकाऱ्याला नोकरीत आल्यापासून कोणी मत विचारलं नव्हतं. त्याने चहा मागवला. बराच वेळ बोलला. त्यालाही खरं म्हणजे इतिहासात एम. ए. करायचं होतं. बीलिब कर्ज न घेता परत आला, पण चिठ्ठी घेऊन आला, आणि त्या अधिकाऱ्याने पुढे बदली होऊन जाताना मुद्दाम दुकानात येऊन निरोप घेतला.

इथे माझा एक राग सांगून टाकतो. ज्या घराने बीलिबच्या पदवीच्या कर्जावर एवढा काथ्याकूट केला, त्याच घराने त्याच्या लग्नासाठी एका दुपारीत कर्ज काढलं. मंडप, बँड, आहेर, पाच पंगती. चोपडी नाही, चिठ्ठी नाही, दुसरं अंग नाही. मी म्हाताऱ्याला म्हटलं, अहो, याचा विचार नाही केला? म्हातारा माझ्याकडे कीव करून पाहत म्हणाला, "लगनाले इचार कायचा?" पदवीला चार लाख म्हटलं की आपल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि मांडवाला तेवढेच गेले तर कोणी व्याजाचा दर विचारत नाही. बीलिबने या कर्जाचीही चिठ्ठी केली आहे, ३९२.५. तिच्यावर मत म्हणून काही लिहिलेलं नाही, नुसती रक्कम आहे.

वहिनींना, म्हणजे बीलिबच्या बायकोला, हे स्थळ आलं तेव्हा मध्यस्थाने सांगितलं होतं, "मुलगा ग्रंथपालाच्या लाइनमध्ये आहे." वहिनींनी गृहीत धरलं, सरकारी असेल. आल्यावर कळलं, लाइन आहे, पण नवरोबा तिच्यात उभे नाहीत, बाजूला उभे राहून लाइनकडे बघताहेत. वहिनी मोठ्या धीराच्या. त्यांनी एकच गोष्ट सहन केली नाही. बीलिबने एका रविवारी सरावासाठी स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावले: ओवा, खसखस, जिरं, तीळ, धने, मोहरी, हळद, हिंग. दुसऱ्या दिवशी सकाळी आतून आवाज आला, "तेल तापलं का मी अ-आ-इ-ई म्हनत बसू काय?" संध्याकाळपर्यंत मोहरी आणि जिरं पुन्हा शेजारी शेजारी आले. बीलिब मला म्हणाला, "काका, वापरणाऱ्याच्या सोयीनं मांडनी पायजे, हे तिले शिकवा नाई लागलं." त्याच्या तोंडून बायकोचं इतकं शास्त्रशुद्ध कौतुक मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

त्याचं दैवत एस. आर. रंगनाथन. दुकानात गजानन महाराजांच्या तसबिरीखाली त्यांचा फोटो आहे. गिऱ्हाइकांना वाटतं, महाराजांच्या परिवारातले कोणी असतील, ते दोघांनाही हात जोडतात. रंगनाथनांची एक गोष्ट तो प्रत्येकाला सांगतो. ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पण त्या शांत इमारतीत त्यांना इतकं कंटाळवाणं झालं की थोड्याच दिवसांत ते प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले, मला परत वर्गात घ्या. प्राचार्यांनी तोड काढली: आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून या, मग बोलू. रंगनाथन गेले, तिथली ग्रंथालयं पाहिली आणि पार बदलून गेले. पुढे वीस वर्षं त्याच ग्रंथालयात राहिले, १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं छापली, द्विबिंदू वर्गीकरण बसवलं. १२ ऑगस्ट हा त्यांचा वाढदिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. बीलिब त्या दिवशी झेरॉक्स पन्नास पैशांनी स्वस्त देतो.

या गोष्टीतून तुम्ही-आम्ही काय घेऊ? जाऊन बघावं, मग कळतं. बीलिब घेतो ते असं: "पाहा, एवढ्या मोठ्या मानसालेबी पैले शंकाच होती."

रंगनाथनांनी आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले आणि पत्नी शारदा यांच्या नावाने ग्रंथालयशास्त्राचं अध्यासन उभं केलं, ही गोष्टही त्याने शोधून काढली आहे. ग्रंथपालाजवळ लाख रुपये साचू शकतात याचा पुरावा म्हणून ती 'फायद्या'त आहे. त्याने ती जेवताना सांगितली तेव्हा वहिनी पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "त्यायनं बायकोच्या नावानं लाख रुपये देल्ले. तुमी माह्या नावानं एक फॉर्म त भरा."

रंगनाथनांचं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. त्यावर मी त्याच्याशी बोलायचं टाळतो.

बरं, हिशेबात तो कच्चा आहे म्हणावं तर तसंही नाही. तालुक्यात या विषयाचा त्याच्याइतका जाणकार सापडणार नाही. त्याला विचारा, पदवी घेतल्यावर पुढे काय? तो बोटांवर मोजत सांगतो. कॉलेजचा ग्रंथपाल व्हायचं तर बीलिबने भागत नाही. एमलिब, पंचावन्न टक्के, वर नेट नाहीतर सेट. मग मात्र पगार सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीचा, सातव्या आयोगात मूळ वेतनच ५७,७०० पासून. पण जागा निघायला पाहिजे, आणि खाजगी संस्थेत ती निघाली की जागेबरोबर आणखी काय काय निघतं ते जाणत्यांना सांगायला नको. त्या रकमेपुढे विद्यापीठाची फी म्हणजे भाजीवरची कोथिंबीर. शाळेत जावं तर साधारण नियम असा की पट हजारावर असेल तर ग्रंथपाल पूर्णवेळ, पाचशे ते हजारात असेल तर अर्धवेळ. इथे बीलिबचा आवाज चढतो. "पगार अर्धवेळ आन हप्ता पुरावेळ, हे कोनत्या गनितात बसते?"

राहिली सार्वजनिक वाचनालयं. महाराष्ट्रात त्यांचा कायदा १९६७ चा. सगळा कारभार संस्था चालवणार आणि सरकार अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान देणार. अशी हजारो वाचनालयं राज्यात आहेत. खेड्यातलं 'ड' वर्गाचं वाचनालय म्हणजे एक खोली, दोन वर्तमानपत्रं, चार कपाटं आणि एक ग्रंथपाल, जो सकाळी कुलूप उघडतो, झाडतो, पुस्तक देतो आणि संध्याकाळी कुलूप लावतो. २०१२ साली नव्या वाचनालयांना मान्यता मिळणं थांबलं. २०२२ साली अनुदान साठ टक्क्यांनी वाढवायचा निर्णय झाला, तेव्हा बीलिबने पेढे आणले होते. मग त्याने कॅल्क्युलेटर काढून 'ड' वर्गाच्या ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला काय येतं ते पाहिलं आणि उरलेले पेढे झाकून ठेवले. वेतनश्रेणीसाठी प्रभा राव समिती झाली, व्यंकप्पा पत्की समिती झाली, मोर्चे झाले. "समित्याच इतक्या झाल्या काका का त्यायचंच एक वाचनालय होईन."

एवढं सगळं समजणारा माणूस निर्णय का घेत नाही? दरवर्षी जून आला की तो घ्यायला निघतो. पण जूनलाच पेरणी असते. बियाणं, खत, आणि प्रवेशाची तारीख एकाच पंधरवड्यात. पाऊस लवकर आला तर बाप म्हणतो, आधी पेरणी. उशिरा आला तर म्हणतो, दुबारसाठी पैसा ठेव. वेळेवर आला तर म्हणतो, वेळेवर आलेला पाऊस वर्षभर टिकत नाही. फॉर्मची मुदत वाढते, आणि बीलिबच्या चेहऱ्यावर आनंद पसरतो, कारण तेवढा विचार वाढला.

अक्षय्य तृतीयेला तो भेंडवळला जातो. जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव घटमांडणीसाठी गाजलेलं. शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात, मध्ये पानसुपारी, करंजी, पुरी, पापड, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्य किती सरकलं ते पाहून पाऊस, पिकं आणि राजाचं भाकीत सांगतात. सगळा परिसर कान देऊन ऐकतो. करंजीवरून देशाच्या तिजोरीचा अंदाज निघतो, तेव्हा आपल्या कर्जाचाही निघावा, अशी बीलिबची अपेक्षा. एका वर्षी करंजी शाबूत निघाली. तो जवळजवळ फॉर्म भरायलाच बसला. पण त्याच्या डोक्यात दुसरीच शंका आली: भेंडवळचं हे मत खोक्यात कुठे लावायचं? हवामानाचा अंदाज म्हणून ५५१.६ मध्ये का भविष्यकथन म्हणून १३३.३ मध्ये? एका बाजूने शास्त्रवाले रागावतील, दुसऱ्या बाजूने गाव. तो आठ दिवस याच घोळात. त्याने कॉलेजातल्या त्या पेढेवाल्या शिष्यालाही फोन केला. शेवटी दोन चिठ्ठ्या करून दोन्हीकडे लावल्या आणि एकीवरून दुसरीकडे हवाला दिला. ग्रंथालयशास्त्रात हेच करतात म्हणे. एव्हाना फॉर्मची तारीख गेली होती.

आणि हा माणूस ग्रंथपाल नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. झेरॉक्सच्या दुकानामागे एक पत्र्याची खोली आहे. पूर्वी तिथे त्याचे वडील सरकी ठेवत. आता तिथे पुस्तकं आहेत. एमपीएससीची, पोलीस भरतीची, तलाठ्याची, कोणाकडून मागून आणलेली, कोणी नापास होऊन टाकून दिलेली, कोणी पास होऊन दिलेली. संध्याकाळी तिथे पंधरा-वीस पोरं-पोरी असतात. भाडं नाही, अनामत नाही. पुस्तक न्यायचं तर चिठ्ठीवर सही. पुस्तक परत आलं नाही तर बीलिब त्या पोराच्या घरी जातो आणि पुस्तकाबद्दल चकार शब्द न काढता त्याच्या आईच्या हातचा चहा घेत बसून राहतो. पुस्तक दुसऱ्या दिवशी येतं. अकोल्यात सरकारी परीक्षेला जाणाऱ्या एका मुलीला त्याने पहाटे साडेचारला दार उघडून भूगोलाचं पुस्तक काढून दिलं होतं, दिवा न लावता. लाइट गेलेली होती. ते कुठे आहे हे त्याच्या हाताला माहीत होतं.

ती मुलगी पुढे तलाठी झाली. तिनेही मत दिलं आहे. "दादा, घ्या." एवढंच. बीलिबला ते फार त्रोटक वाटतं.

मला विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे आणि मी ते त्याला लेखी दिलं आहे. पुण्याला खोली करून, मेस लावून, कर्ज काढून बीलिब करायचं असेल तर करू नये. एका वर्षाच्या पदवीने त्या कर्जाचा हप्ता निघेल असा पगार मिळत नाही, आणि ज्या नोकरीत निघतो तिथवर अजून एमलिब आणि सेटच्या दोन पायऱ्या आहेत. पण मग नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे कशाला? तिथे घरी बसून बीलिब होतं. त्याची फी फार तर दोन-तीन क्विंटल कापसात बसते. त्याला कर्ज लागत नाही, बँक लागत नाही, म्हाताऱ्याची सही लागत नाही. दिवाळीनंतर पहिल्या वेच्याचा कापूस विकला की पैसे बाजूला काढायचे आणि जूनला फॉर्म भरायचा. तो फॉर्म भरायला बाहेर जायलाही नको. तालुक्यात तो फॉर्म सगळ्यांत चांगला कोण भरतं, हे सगळ्यांना माहीत आहे. नोकरीचं नंतर पाहू. न मिळाली तर मागच्या खोलीतल्या पोरांना एक शिकलेला ग्रंथपाल मिळेल.

हे मी त्याला इतकं ठणकावून सांगितलं की दुकानातली दोन गिऱ्हाइकं माना डोलवायला लागली. बीलिबने शांतपणे ऐकून घेतलं. डोळ्यात पाणी आल्यासारखं वाटलं. म्हणाला, "काका, इतकं सोपं करून मले आजपर्यंत कोनी सांगतलं नोतं." मग त्याने लग्नपत्रिकेची पाठ कापली, चिठ्ठी केली, आणि पेन कानाला लावून विचारात पडला. यात कर्ज नाही, म्हणजे ३३२.७ नाही. कापूस आहे, म्हणून ६३३.५१ म्हणावं, तर मुख्य विषय शिक्षण. का सरळ ०२० मध्ये, ग्रंथालयशास्त्रात? ०२० मध्ये आजवर एकही चिठ्ठी नव्हती. मी बसला हात केला आणि निघालो.

तुमचं कधी शेगावहून या बाजूला येणं झालं आणि झेरॉक्सच्या दुकानातून कोणी स्टूल पुढे केलं, तर बसा, चहा घ्या, आणि त्याला मत द्या. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण धडधडीत म्हणा, आणि जमलं तर चारच शब्दांत. "विचार करून सांगतो" एवढं मात्र म्हणू नका. त्या उत्तरासाठी त्याने वेगळं खोकं केलं आहे आणि ते भरत आलं आहे.